हिराबायचा चढा सूर

माघ संपत आला की भिवंडीच्या आसपासच्या शेतांत राब भाजायला घेतात. पालापाचोळ्याचा आणि शेणाचा तो धूर संध्याकाळी रस्त्यावर उतरतो, डोळ्यांत जातो, वाळत घातलेल्या साड्यांना चिकटतो. त्याच सुमाराला गावोगावी मांडव उभे राहतात. माझ्या मनात धूर आणि लग्नं अशी एकमेकांत गुंतलीत की एकाचा वास आला की दुसऱ्याचा आवाज ऐकू येतो. यंदाही धूर आला, आणि त्याच आठवड्यात ईशानं मला फोनवर एक गाणं पाठवलं.

ईशा माझ्या भावाची नात. पुण्यात ध्वनिमुद्रणाचं शिकते. दिवाळीत आली तेव्हा माझ्या कपाटातलं टेपचं जुनं रीळ मोठ्या हौसेनं घेऊन गेली होती. गाण्याबरोबर तिनं लिहिलं होतं, "आत्याआजी, तुमची हिराबाय अगदी स्वच्छ करून दिलीय. सगळा गोंगाट काढला. मधे सूर चढत होता, तोही सरळ केला."

मी ऐकलं. आवाज हिराबायचाच होता, तो मी हजारांत ओळखीन. पण ती कुठं बसून गातेय ते कळेना. तिच्याभोवती ना मांडव, ना बायका, ना रस्ता. एखाद्या माणसाला घरातून उचलून पांढऱ्या भिंतीसमोर उभं करावं, तसं काहीतरी झालं होतं. मी ईशाला लगेच फोन लावला आणि विचारलं, "त्यातले लूम कुठं गेले?"

ती म्हणाली, ती यंत्रमागांची खडखड? तीच तर काढली.

मी म्हटलं, परत घाल.

तिला माझा राग आला असणार. पोरीनं पंधरा दिवस खपून केलेलं काम. पण या एका गाण्याच्या बाबतीत माझं ऐकून घ्यायचं वय संपलं आहे. एकदा मी ऐकलं होतं, चांगल्या मोठ्या शहाण्या माणसाचं, आणि त्यात माझाही हात होता. ती लग्नसराई मी सांगते.

सत्तरच्या दशकाच्या मध्याला मी भिवंडीतल्या एका मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला लागले होते. वय तेवीस. पर्समध्ये कायम एक लाल पेन्सिल. आमच्या आळीमागे लूमचा कारखाना होता, तिथं हिराबाय कांड्या भरायला यायची. धोट्यात जी सुताची कांडी बसते ती भरण्याचं काम. पन्नाशीची, काळीसावळी, उंच बाई, शेलार गावाहून पायी यायची आणि पायी जायची. काम करताना गुणगुणायची. लूमच्या खडखडाटात तिचं गुणगुणणं ऐकू यायचं कारण नव्हतं, पण यायचं. एकदा शाळेतून येताना मी खिडकीशी थांबले आणि विचारलं, की हे काय गाता. ती म्हणाली, लग्नाचं. मग कळलं की ती धवलारीण आहे.

आमच्याकडच्या आगरी लग्नात धवलारीण नसली तर लग्न लागलं असं कुणी मानत नाही. मांडवात देव बसवण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक गोष्टीचं गाणं असतं आणि ते तिनं गायचं असतं. हिराबाय ते आईकडून शिकली होती, आई तिच्या आईकडून. कुठं लिहिलेलं नव्हतं. मी भिवंडीतच जन्मले, वाढले, पण शहरातल्या ब्राह्मण आळीत. पाच-सहा मैलांवर हे चाललेलं असतं याचा मला पत्ता नव्हता. त्याची लाज वाटली, आणि शिकल्यासवरल्या माणसाला लाज वाटली की तो करतो तेच मी केलं. वही काढली.

माझे नाना, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचे. त्यांच्याकडे एक स्पूलचा टेपरेकॉर्डर होता, सुटकेसएवढा, दोन माणसांनी उचलावा असा. मी त्यांच्या मागे लागले. फाल्गुनात शेलारला हिराबायच्या शेजाऱ्यांच्या मुलीची हळद होती. आम्ही ते धूड बैलगाडीतून नेलं.

मांडवाला खेटूनच लूमची एक शेड होती. वीज तिथूनच घ्यायची ठरली. शेडमधले मजीदचाचा, उत्तरेकडून आलेले म्हातारे कारागीर, त्यांनी स्वतः तार ओढून दिली. त्या वेळी शिफ्ट बदलत होती, लूम बंद होते, आणि दुपारच्या त्या शांततेत हिराबायनं पहिलं गाणं सुरू केलं. मागे पाच-सहा बायका ओळ धरायला. कुठं बांगड्या वाजतायत, कुठं पाट्यावर हळद वाटली जातेय, एक तान्हं रडतंय आणि त्याची आई त्याला गाण्याच्याच लयीत थोपटतेय. नानांची रिळं फिरत होती.

दुसरं गाणं निम्म्यावर आलं आणि मजीदचाचा दारात येऊन उभे राहिले. शिफ्ट सुरू करायची वेळ झाली होती. ते नानांना म्हणाले, "आप कहें तो लूम थोड़ी देर रोक दूँ?"

नाना हो म्हणणारच होते. हिराबायनं गाणं न थांबवता हातानंच नको अशी खूण केली, आणि बायकांची ओळ चालू होती तेवढ्यात म्हणाली, "चालू दे त्यांचा. त्यांची ड्युटी हाय."

लूम सुरू झाले. आधी एक, मग चार, मग सगळे. जमीन हलायला लागली. हिराबाय बसली होती ती उठून उभी राहिली, पदर कमरेला खोचला आणि सूर वर नेला. बायकाही तिच्यामागे वर गेल्या. लूमना हरवायचं असं तिच्या मनात नसावं. तिला फक्त नवरीपर्यंत पोचायचं होतं. नवरी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती.

पुढं नाना मला समजावायचे, की लूम सुरू झाले तेव्हा विजेचा दाब उतरला असणार, टेप हळू फिरली असणार, म्हणून वाजवताना आवाज चढलेला वाटतो. वाटू दे. मी तिथं होते. ती उभी राहिलेली मी पाहिलीय.

त्या रिळाची गोष्ट नानांच्या एका ओळखीतून मुंबईच्या एका ग्रामोफोन कंपनीच्या गृहस्थांपर्यंत गेली. गृहस्थ फार सज्जन. त्यांच्याबद्दल मला आजही वाईट बोलता येत नाही. ते स्वतः भिवंडीला आले, नानांच्या दुकानात स्टुलावर बसून दोनदा रीळ ऐकलं, डोळे पुसले. मग म्हणाले, हे महाराष्ट्रभर गेलं पाहिजे. पण असं नाही. मागचा आवाज फार आहे, सूर जागेवर राहत नाही, आणि शब्द पुण्या-नागपूरच्या माणसाला कळणार नाहीत. शब्दांचं तेवढं, बाई, तुम्ही बघाल का?

मी बघितलं. हे मला सांगायलाच हवं. कुणी माझ्यावर जबरदस्ती केली नाही. मी घरी बसून, लाल पेन्सिलीनं, आनंदानं, हिराबायची गाणी तपासली. 'पानी'चं 'पाणी' केलं. 'हलद'ची 'हळद' केली. 'न्हाय' जिथं जिथं होतं तिथं 'नाही' बसवलं, आणि ते मात्रांत बसेना तेव्हा ओळच बदलली. नवरीचं आणि तिच्या माणसांचं नाव यायचं तिथं 'कन्या', 'माता', 'पिता' असं घातलं, म्हणजे ते सगळ्यांना लागू पडेल. माझ्या हस्ताक्षरातली ती स्वच्छ प्रत मला फार सुंदर वाटली होती.

चैत्रात आम्ही हिराबायला मुंबईला घेऊन गेलो. कशेळीच्या पुलावरून एसटी जाताना तिनं खाडीला नमस्कार केला. नवं हिरवं लुगडं, नाकात मोठी नथ. स्टुडिओत काचेपलीकडे माणसं, भिंतींना जाडजूड पडदे, पायाखाली गालिचा. दार लावलं की स्वतःचा श्वास ऐकू यायचा. वादक दहा-बारा. सगळे तिच्याशी अदबीनं वागत होते.

लाल दिवा लागला. ती गाईना. पुन्हा लावला. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि मला विचारलं, "मास्तरीनबाय, हितं लगीन कोनाचं हाय?"

कुणाचं नाही, मी सांगितलं, नुसतं गायचंय.

"मंग बोलवू कोनाला?"

गृहस्थ काचेमागून आले. त्यांनी समजावलं, की समजा लग्न आहे, समजा समोर नवरी आहे. तिनं विचारलं, नवरीचं नाव काय. ते म्हणाले, नाव नकोच आहे. माझा कागद तिच्यापुढे धरला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवला. तिनं तो शांतपणे ऐकून घेतला. मग तिनं खरंच प्रयत्न केला, दोनदा, तीनदा. माझे शब्द तिच्या तोंडात जाऊन अडकत होते. 'नाही' म्हणायला ती थांबायची आणि तेवढ्यात वादक पुढं निघून जायचे. शेवटी गृहस्थांनी ठरवलं की मुख्य आवाज संगीतकाराकडे शिकणाऱ्या एका गुणी गायिकेचा घ्यायचा आणि हिराबायनं मागे ओळ धरायची. हिराबाय म्हणाली की तिला मागे गायची सवय नाही, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसली. आम्ही परत भिवंडीला पोचेपर्यंत ती एकही शब्द बोलली नाही. मला वाटलं, दमली असेल.

दोन महिन्यांनी तबकडी आली. लहान, काळी, चकचकीत. मधल्या गोल कागदावर गायिकेचं नाव, संगीतकाराचं नाव, आणि शब्दांच्या जागी 'पारंपरिक'. गाणं खरोखर गोड होतं. व्हायोलिनं होती, बासरी होती, आवाज साखरेच्या पाकासारखा. शाळेत सगळ्यांनी माझं कौतुक केलं. फक्त नानांनी दुकानाचं दार ओढून घेतलं, आधी रीळ वाजवलं, मग तबकडी, मग पुन्हा रीळ, आणि म्हणाले, "सुमे, हे गाणं आंघोळ करून, पावडर लावून आलंय. पण कोणाच्या घरचं आहे ते विचारलं तर सांगता यायचं नाही त्याला." मी त्यांच्यावर रागावले. जुनं ते सोनं म्हणायची तुम्हाला सवयच आहे, असं काहीतरी म्हणाले.

पुढच्या वर्षी पुन्हा माघ, पुन्हा धूर. शेलारमध्येच काशी नावाच्या मुलीचं लग्न होतं, आणि आता मला आमंत्रण असायचं. काशीचे वडील गोविंद दोन पावसाळ्यांमागे नाव उलटून खाडीत गेले होते. घरात आई जानकी, काशी आणि एक लहान भाऊ. नवऱ्याकडच्या तरुण मंडळींनी हौसेनं लाउडस्पीकर आणला होता आणि सोबत ती तबकडी. आपलं गाणं तबकडीवर आलंय याचा त्यांना अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. त्यांनी हिराबायला मानानं खुर्ची दिली, पान दिलं, आणि सांगितलं की मावशी, आज तुम्ही बसा, आज तुमचं गाणं मशीन म्हणेल.

हिराबाय बसली. मी तिच्याशेजारीच होते. काशीला पाटावर आणलं, तबकडी सुरू झाली. 'माता' आणि 'पिता' असे माझे शब्द आंब्याच्या टहाळ्यांतून, उंबराच्या फांदीवरून, अख्ख्या गावावर घुमायला लागले. बायका हातात हळद घेऊन उभ्या राहिल्या. ओळ कोणी धरायची ते कुणाला कळेना. तबकडी काही त्यांच्यासाठी थांबत नव्हती. गाणं तीन मिनिटांत संपलं आणि हळद तशीच हातात. मुलांनी ते पुन्हा लावलं. पुन्हा संपलं.

तिसऱ्यांदा सुई ठेवायला कोणी वाकला तेव्हा जानकी उठली. तोंडातून शब्द न काढणारी बाई, गोविंद गेल्यापासून कुणी तिचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. ती नवऱ्याकडच्या माणसांसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बंद करा यो. यात माज्या घोवाला बोलवलं न्हाय."

वरपक्षाशी वधूच्या आईनं असं बोलायचं म्हणजे त्या काळी लग्न मोडण्याची गोष्ट. नवऱ्याचा काका काही बोलायला पुढं झाला. पण जानकी जागची हलली नाही. म्हणाली, बाप आल्याशिवाय माझ्या पोरीला हळद लागणार नाही, आणि बाप गाण्यानं येतो, त्याला नावानं हाक मारावी लागते. एवढं बोलून ती हिराबायकडे वळली.

हिराबायनं पान तोंडातून काढून टाकलं, उठली, काशीच्या डोक्यावर हात ठेवला.

काशी लेक तुजी रं हलदीला बसली,
ये रं गोविंदा, वाट तुजी पुसली.

दुसऱ्या कडव्यात तिनं खाडीचं नाव घेतलं, नावेचं घेतलं, ज्या वळणावर नाव उलटली त्या जागेचं घेतलं, आणि गोविंदाला तिथून एकेक टप्पा करत, शेतांच्या बांधावरून, विहिरीवरून, दारापर्यंत आणलं. आता उंबऱ्याशी आला, आता त्यानं पाय धुतले, आता तो मांडवात उभा आहे. काशी रडायला लागली, जानकी रडायला लागली, आणि रडता रडताच बायकांनी हळद लावायला घेतली. नवऱ्याच्या काकानं टोपी काढून हातात धरली. गावातल्या शेडमधले लूम चालूच होते. हिराबायचा सूर कुठंच सरळ नव्हता. घोगरा होत होता, फाटत होता, चढत होता. मी खाली मान घालून बसले होते. त्या मांडवात मीच एक अशी होते, जिनं गोविंदाच्या नावाच्या जागेवर लाल रेघ मारली होती.

ईशाशी मी नंतर पुष्कळ बोलले. ती समजूतदार आहे. तिचं म्हणणं असं, की यंत्राला काय कळणार गाणं कुठलं आणि गोंगाट कुठला, जे सारखं एका लयीत वाजतं ते काढून टाकतं. मी म्हटलं, यंत्राचा दोष नाहीच. पण हिराबायला विचारलं होतं लूम बंद करू का, आणि तिनं नको म्हटलं होतं. मजीदचाचांची ड्युटी तिच्या गाण्यात आहे ती तिच्या मर्जीनं. तुझ्यामाझ्या कानाला बरं वाटावं म्हणून ती काढायचा हक्क आपल्याला कुणी दिला? लोक म्हणतात, स्वच्छ असलं म्हणजे टिकतं. मी म्हणते, काय टिकतं ते आधी सांगा. तबकडीही फार टिकली. ते व्हायोलिनवालं गाणं अजून कुठं कुठं ऐकू येतं, आणि आता त्याचीही नवी, आणखी झगझगीत आवृत्ती आलीय म्हणे. तीत 'कन्या' आहे. काशी नाही. मला हट्टी म्हणा, म्हातारचळ म्हणा. मला माझं रीळ खरखरीसकट, लुमांसकट, रडणाऱ्या तान्ह्यासकट हवं आहे. ईशानं शेवटी सगळं पूर्वीसारखं करून पाठवलं, आणि खाली लिहिलं, की लूम सुरू होतात तिथं मी आज पहिल्यांदा नीट ऐकलं.

काशीच्या त्या लग्नानंतर चार दिवसांनी मुंबईहून कंपनीचं पत्र आलं. तबकडी चांगली गेली होती, आणखी गाणी हवी होती, शब्द पूर्वीप्रमाणेच मी पाहावेत. मी पत्र घेऊन शेलारला गेले. हिराबाय अंगणात गोवऱ्या रचत होती. मी तिला सगळं सांगितलं. कागदावर मी काय काय बदललं होतं, कुठली नावं काढली होती, एकेक. वाटलं होतं चिडेल. ती म्हणाली की तिला ते स्टुडिओतच कळलं होतं. मी विचारलं, मग तेव्हा बोलली का नाहीस. तर म्हणाली, तू मास्तरीन, तुला वाटलं असेल बरोबर, म्हणून बघत होते तुला कधी कळतं.

मग म्हणाली, लिही, मी सांगते.

मी पायरीवर बसून लिहिलं. ते पत्र मला अजून पाठ आहे. "सायबाना हिराबायचा रामराम. तुमची तबकडी आयकली. बायचा आवाज चांगला हाय. पन ती कोनाला बोलवते तं कलत न्हाय. मी आता तिकडं येनार न्हाय. तुमाला गानी पायजेत तं शेलारला लग्नात या, जेवाला बसा, मंग आयका. मी गाईन तशी भरून न्या. एक शबद बदलाचा न्हाय."

लिहिताना माझा हात दोनदा अडला. 'कळत नाही' असं बोटांनी आपोआप लिहू पाहिलं. तिनं मला तीनदा वाचायला लावलं आणि दर वेळी आपण बोलतो तसंच ऐकू येतंय ना याची खात्री केली. मग अंगठा उमटवला. मी ते तसंच, पुन्हा न उतरवता, पाकिटात घालून टाकलं. त्याचं उत्तर आलं नाही. गृहस्थ आले नाहीत, दुसरंही कुणी आलं नाही. हिराबाय त्या वर्षी आणि पुढची कितीतरी वर्षं गात राहिली, आवाज बसेपर्यंत.

पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी माझा सहावीचा तास होता. शेलारची एक मुलगी धडा वाचायला उभी राहिली. नदीचं वर्णन होतं. वाचता वाचता ती म्हणाली, "पानी." वर्गात खसखस पिकली. ती थांबली, वाट बघत, कारण अशा ठिकाणी मी नेहमी थांबवायचे आणि तिच्याकडून तो शब्द तीनदा घोटून घ्यायचे. चाळीस मुली माझ्याकडे बघत होत्या. पेन्सिल माझ्या हातात होती.

मी म्हटलं, "पुढं वाच."